हवामान करारांचे व्याकरण : 'करील'पासून 'करावे'पर्यंत

१

हवामानबदलाविषयीच्या मराठी लेखनात अलीकडे एक वाक्य इतक्या वेळा येऊ लागले आहे की, त्यापाशी कोणी थांबतही नाही. ते अग्रलेखांत येते, चर्चासत्रांच्या बीजभाषणांत येते, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तर हमखास येते. सरकारे अपयशी ठरली, करार कागदावरच राहिले. पण तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवील, असे ते वाक्य. ऐकणाऱ्याला धीर देणारे हे वाक्य आमच्या मते दिशाभूल करणारे आहे, आणि ही दिशाभूल भाषेच्या पातळीवर होत असल्यामुळे भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी तिच्याविषयी बोलणे आवश्यक आहे.

'मराठीच्या प्राध्यापकांनी कार्बन डायऑक्साइडच्या फंदात का पडावे?' असा प्रश्न आम्हांला विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांत आमचे सहकारीच अधिक असतात. त्याचे उत्तर साधे आहे. हवेत किती वायू साठला, तापमान किती वाढले, हे वैज्ञानिक सांगतात. त्यात आमचा अधिकार नाही आणि तसा दावाही नाही. परंतु या प्रश्नावर देशांनी जे करार केले ते शब्दांत केले आहेत, आणि तंत्रज्ञान उद्योगाने ज्या प्रतिज्ञा केल्या त्याही शब्दांतच केल्या आहेत. वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद कोणत्या अर्थाचे, कोणता शब्द काढून त्या जागी कोणता घातला, हे पाहणे हा आमचा रोजचा उद्योग. जे कौशल्य आपण कवितेच्या ओळीवर खर्च करतो ते ज्या मजकुरावर कोट्यवधी लोकांचे पाणी, पीक आणि घर अवलंबून आहे त्या मजकुरावर वापरायचे नाही, ही सोवळ्याची कल्पना आम्हांला मान्य नाही.

'तंत्रज्ञान हा प्रश्न सोडवील' या वाक्याचा कर्ता पाहा. तंत्रज्ञान हे भाववाचकाच्या जवळ जाणारे नाम. ते करारावर सही करीत नाही, वीज विकत घेत नाही, ताळेबंद मांडत नाही. या सर्व गोष्टी कंपन्या करतात. मग वाक्यात कंपनी का नाही? तिला कर्त्याच्या जागी बसवले की लगेच 'कोणती? केव्हा? किती? आणि न केल्यास?' हे प्रश्न उभे राहतात. ते उभे राहू नयेत हीच या वाक्यरचनेची सोय आहे.

२

प्रथम करारांकडे पाहू. मोरो केशव दामल्यांच्या परंपरेत आपण विद्यार्थ्यांना क्रियापदाचे चार अर्थ शिकवतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. गेल्या तीन दशकांतील हवामान करारांचा इतिहास या चार शब्दांच्या आधारे सांगता येतो.

१९९२ साली रिओ द जानेरो येथे संयुक्त राष्ट्रांचा हवामानबदलविषयक मूळ करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाची सारखी नव्हे, हे तत्त्व त्याने मान्य केले. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती उभारली त्यांनी आधी पाऊल उचलावे, हा त्यामागील न्याय. त्या न्यायाला बंधनाचे रूप आले ते १९९७ च्या क्योटो मसुद्यात. औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या काळात आपले उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी खाली आणायचे, असे त्यात ठरले. देशागणिक आकडे ठरले, आणि आकडा चुकला तर पुढील कालखंडात ३० टक्के जादा कपात करण्याचा दंडही नेमला गेला. इंग्रजी मजकुरात 'शॅल' हे सहायक क्रियापद होते. आपल्याकडे कायद्यांच्या मराठी भाषांतरांत 'शॅल'साठी 'करील', 'असेल' अशी रूपे येतात. रूप भविष्यकाळाचे, पण त्यातून बोलते ती आज्ञा.

हे 'करील' बड्यांना पेलले नाही. अमेरिकेने क्योटोला संसदेची मंजुरी कधीच दिली नाही. क्योटो २००५ साली अमलात आला, आणि २०११ साली आपले लक्ष्य गाठता येत नाही हे दिसल्यावर कॅनडाने त्यातून बाहेर पडण्याची सूचना दिली. दंड होता, पण तो भरण्याऐवजी दाराबाहेर जाण्याची मुभाही होती.

१२ डिसेंबर २०१५ चा पॅरिसमधील दिवस आमच्या मते व्याकरणाच्या प्रत्येक वर्गात सांगावा असा आहे. अंतिम मसुद्याच्या चौथ्या कलमात, विकसित देश संपूर्ण अर्थव्यवस्थेसाठी निरपेक्ष कपातीची लक्ष्ये घेऊन पुढाकार चालू ठेवतील, या आशयाच्या वाक्यात 'शॅल' होते. विकसनशील देशांविषयीच्या वाक्यात 'शुड'. अमेरिकी शिष्टमंडळाने या 'शॅल'ला हरकत घेतली, कारण तो शब्द राहिला असता तर करार तेथील सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तेथे तो पडला असता. काही तासांच्या धावपळीनंतर ही दुरुस्ती किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीत वाचून दाखवण्यात आली, आणि 'शॅल'चे 'शुड' झाले. मराठीत सांगायचे तर 'करील'चे 'करावे' झाले. आज्ञेचा विध्यर्थ झाला.

पॅरिस करारात बंधन मुळीच नाही असे कोणी म्हणू नये. प्रत्येक देशाने आपली योजना दर पाच वर्षांनी सादर करायची, हे 'शॅल'नेच सांगितले आहे. म्हणजे योजना सादर करणे बंधनकारक, ती पार पाडणे मात्र इच्छेवर. परीक्षेचा अर्ज भरणे सक्तीचे आणि परीक्षेला बसणे ऐच्छिक असा हा प्रकार आहे.

पुढची उतरंड याच वाटेने गेली. २०२१ साली ग्लासगो येथे कोळशाच्या विजेसंबंधी 'संपवणे' हा शब्द मसुद्यात होता. शेवटच्या घटकेला भारताच्या आग्रहाने आणि चीनच्या पाठिंब्याने तेथे 'कमी करीत नेणे' आले. यात केवळ भारताला झोडपणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. ज्यांचे तेल आणि वायूवर भागते त्यांनी त्या दोन इंधनांचे नाव न घेता फक्त कोळशावर बोट ठेवावे, यालाही एक राजकारण होते. तरीही शब्द मवाळ झाला हे खरेच. २०२३ साली दुबईत सर्व जीवाश्म इंधनांचे नाव परिषदेच्या निर्णयात पहिल्यांदा आले. पहिली परिषद १९९५ ची, म्हणजे हे नाव उच्चारायला अठ्ठावीस परिषदा लागल्या. आणि ते कसे आले? या इंधनांपासून दूर जाण्याच्या जागतिक प्रयत्नांना हातभार लावण्याचे आवाहन देशांना करण्यात आले. दूर जाणे, जाण्याचा प्रयत्न, प्रयत्नाला हातभार, हातभाराचे आवाहन : एका क्रियेवर चार पांघरुणे. २०२५ साली ब्राझीलमधील बेलें येथे ऐंशीहून अधिक देशांनी जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा ठोस मार्गक्रम मागितला. मुख्य निर्णयाच्या मजकुरात मात्र त्या इंधनांचे नावही उरले नाही. आणि 'शॅल' नको म्हणून ज्या देशासाठी पॅरिसचा शब्द बदलला, त्या देशाने २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा त्या करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला. शब्द सौम्य केल्याने माणूस थांबतो असे नाही, हा यातून घ्यायचा धडा.

३

भाषांतरात ही गोष्ट आणखी गडद होते. पॅरिस करारातील देशांच्या योजनांना आपण 'राष्ट्रीय निर्धारित योगदान' म्हणतो. २०१३ च्या वॉर्सा परिषदेत 'कमिटमेंट' या शब्दावर एकमत होईना, म्हणून 'काँट्रिब्यूशन' हा शब्द घेतला गेला. मराठी समीक्षेला 'बांधिलकी' हा शब्द नवा नाही. त्यावरून आपण वर्षानुवर्षे वाद घातले आहेत. बांधिलकी आणि योगदान यांतील अंतर आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बांधिलकीत बांधलेपण आहे. योगदानात दान आहे. दान किती द्यावे हे दाता ठरवतो, आणि कमी दिले म्हणून त्याच्याकडे जाब मागत नाहीत. वर योगदान हा आपल्याकडे सत्कारसमारंभाचा शब्द. कर्जदाराने कर्जाचा हप्ता भरला तर त्याला आपण योगदान म्हणतो काय?

'निव्वळ शून्य उत्सर्जन' हा शब्दप्रयोग याहून चमत्कारिक आहे. हिशेबाच्या परिभाषेत निव्वळ म्हणजे वजावट करून उरलेले. पण बोलत्या मराठीत निव्वळ म्हणजे नुसते, शुद्ध, भेसळ नसलेले : निव्वळ थापा, निव्वळ योगायोग. त्यामुळे मराठी वाचकाच्या कानाला 'निव्वळ शून्य' हे अगदी पूर्ण शून्य वाटते. अभिप्रेत अर्थ मात्र नेमका उलटा, म्हणजे हवेत वायू सोडला जाईल, पण अन्यत्र कोठेतरी तो शोषला गेल्याची नोंद करून तो वजा दाखवला जाईल. ज्या शब्दाने अर्थ उघड करायचा त्यानेच तो झाकला, आणि आम्ही मराठीचे लोक त्या पर्यायाला मान डोलावून बसलो.

४

आता तंत्रज्ञान उद्योगाकडे येऊ. या करारांचे पक्ष देश आहेत, कंपन्या नाहीत. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, मेटा यांच्यापैकी एकीवरही पॅरिस कराराचा एकही शब्द थेट बंधनकारक नाही. त्या परिषदांना येतात त्या प्रायोजक, निरीक्षक आणि प्रतिज्ञाकर्त्या म्हणून. २०२४ च्या बाकू परिषदेत डिजिटल क्षेत्र आणि हवामान यांविषयी स्वतंत्र घोषणापत्र निघाले, तेही ऐच्छिकच. देशांनी आज्ञेकडून विध्यर्थाकडे प्रवास केला, तर कंपन्यांनी सुरुवातच स्वार्थी भविष्यकाळाने केली : आम्ही अमुक सालापर्यंत अमुक होऊ. व्याकरणातील स्वार्थ आणि व्यवहारातील स्वार्थ एकाच क्रियापदात नांदण्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

या प्रतिज्ञा लहान नव्हत्या. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की, २०३० पर्यंत कंपनी जितका कार्बन सोडते त्याहून अधिक काढून घेईल, आणि १९७५ साली स्थापना झाल्यापासून विजेच्या वापरासह जितका सोडला तितका २०५० पर्यंत काढून टाकील. गूगल २००७ पासून स्वतःला कार्बन-तटस्थ म्हणवून घेत होती. २०३० पर्यंत निव्वळ शून्याचे लक्ष्य तिने घेतले. अॅमेझॉनने २०१९ साली २०४० ची तारीख दिली.

मग काय झाले? गूगलच्याच २०२४ च्या अहवालानुसार तिचे २०२३ सालचे उत्सर्जन १ कोटी ४३ लाख टन होते, म्हणजे २०१९ पेक्षा ४८ टक्क्यांनी अधिक. कार्बन-तटस्थतेचा दावाही त्या वर्षापासून सोडून देण्यात आला. पुढील वर्षीच्या अहवालात कंपनीने 'महत्त्वाकांक्षेवर आधारित उत्सर्जन' असे नवे माप आणले, ज्यात काही बाबी हिशेबाबाहेर ठेवल्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या अहवालात २०२० च्या तुलनेत २९ टक्के वाढ दिसते; त्याच्या पुढील अहवालात ती २३ टक्क्यांवर आली. उतरण्याच्या प्रतिज्ञेनंतरची ही चढण आहे. तिचे कारणही लपलेले नाही : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभी राहणारी डेटा सेंटरे, त्यांचे पोलाद आणि सिमेंट, त्यांतल्या चिपा आणि त्यांची वीज.

तेही हिशेबाच्या सोयीस्कर पद्धतीने मोजल्यावर. विजेमुळे होणारे उत्सर्जन दोन पद्धतींनी मांडता येते. एक स्थानाधारित : तुमचे यंत्र जेथे चालते तेथल्या जाळ्यातील वीज ज्या इंधनाची, तितके उत्सर्जन तुमचे. दुसरी बाजाराधारित : तुम्ही अन्यत्र तयार झालेल्या सौर किंवा पवनविजेची प्रमाणपत्रे विकत घेतली की तेवढी वीज तुमच्या नावे स्वच्छ. यंत्र रात्री कोळशाच्या विजेवर चाललेले असते, प्रमाणपत्र दुपारच्या उन्हाचे असते. वहीत दोन्ही जुळतात. यात्रेला दुसऱ्याला पाठवून पुण्य आपल्या खात्यावर घेण्याचा हा प्रकार. या दोन पद्धतींत फरक किती पडतो? मेटाने २०२२ साठी विजेमुळे झालेले उत्सर्जन बाजाराधारित पद्धतीने २७३ टन दाखवले. स्थानाधारित पद्धतीने केवळ तिच्या डेटा सेंटरांचे उत्सर्जन ३८ लाख टनांच्या वर जाते. दोन्ही आकडे नियमांना धरून आहेत, कोणी खोटे बोललेले नाही. म्हणूनच आम्ही याला लबाडी न म्हणता अलंकार म्हणतो. अपन्हुतीत समोरची वस्तू नाकारून तिच्या जागी दुसरी स्थापतात. येथे धूर नाकारून त्याच्या जागी प्रमाणपत्र स्थापले आहे. कवितेत आपण त्याला दाद देतो, कारण तेथे दोघांनाही ठाऊक असते की हा अलंकार आहे.

अलंकारांचा हा सोस नावांतही दिसतो. ज्याला 'क्लाउड' म्हणतात तो मेघ म्हणजे काँक्रीटच्या खिडक्या नसलेल्या इमारती, तांब्याच्या तारा, डिझेलचे जनित्र आणि थंडाव्यासाठी लागणारे पाणी. मेघदूताची कुसुमाग्रजांपासून शांता शेळक्यांपर्यंतची भाषांतरे ज्या भाषेत आहेत तिच्यात 'मेघ' शब्दाचा असा गैरवापर निमूट खपून जावा, याचे आम्हांला वाईट वाटते. तो मेघ पाणी देणारा होता. हा पाणी पिणारा आहे. २०२४ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टसाठी वीज पुरवण्याकरिता अमेरिकेतील थ्री माईल आयलंडचा २०१९ साली बंद झालेला अणुसंच पुन्हा सुरू करण्याचा करार झाला, तेव्हा त्या केंद्राचे नावही बदलण्यात आले. नव्या नावात 'क्लीन एनर्जी' हे शब्द आले. १९७९ चा अपघात त्याच आवारातील दुसऱ्या संचाचा. अणुवीज चांगली की वाईट हा येथे प्रश्न नाही. स्मृती पुसण्यासाठी नाव बदलावेसे वाटले, एवढेच आम्ही नोंदवतो.

५

या उद्योगाचा सर्वांत मोठा दावा मात्र स्वतःच्या उत्सर्जनाविषयी नाहीच. तो असा की, आम्ही स्वतः जितके सोडतो त्याच्या कितीतरी पट इतरांचे वाचवतो. २०१५ साली या उद्योगाच्या एका जागतिक संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात माहिती-तंत्रज्ञानामुळे २०३० पर्यंत जगाचे उत्सर्जन २० टक्क्यांनी कमी होऊ शकते, आणि ही बचत उद्योगाच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या जवळपास दहापट असेल, असे म्हटले होते. प्रवासाऐवजी दूरस्थ बैठक, नेमके खत देणारी शेती, विजेचे हुशार जाळे, अशी त्याची उदाहरणे. 'होऊ शकते' हे क्रियापद वाचकांनी अधोरेखित करावे. व्याख्यानांत आणि जाहिरातींत जाईपर्यंत त्याचे 'होते' होऊन जाते.

आमचा खरा आक्षेप आणखी पुढचा आहे. दुसऱ्यांना करू दिलेली बचत जर आपल्या खात्यावर जमा धरायची, तर दुसऱ्यांना करू दिलेले उत्सर्जन कोणाच्या खात्यावर? फेब्रुवारी २०१९ मध्ये एक्झॉनमोबिल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी अमेरिकेच्या पर्मियन खोऱ्यातील तेलक्षेत्रांसाठी भागीदारी जाहीर केली. मेघात साठवलेली माहिती आणि तिचे विश्लेषण यांच्या बळावर २०२५ पर्यंत दिवसाला ५० हजार पिंपांपर्यंत उत्पादन वाढू शकेल, असे तेलकंपनीच्याच निवेदनात होते. हे तेल जाळल्यावर होणारा धूर तंत्रज्ञान कंपनीच्या वहीत येत नाही. उत्सर्जन मोजण्याच्या प्रचलित नियमांत तशी जागाच नाही. शेतकऱ्याचे वाचलेले खत जाहिरातीत, तेलकंपनीचे वाढलेले तेल कोठेच नाही. ज्या वहीला जमेचा रकाना आहे आणि खर्चाचा नाही, तिला हिशेब म्हणायचे की स्तोत्र?

आणि कार्यक्षमता वाढली म्हणजे वापर घटतो हेही गृहीत धरता येत नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ सालीच दाखवले होते की, वाफेचे यंत्र कमी कोळशात चालू लागले तेव्हा कोळसा वाचला नाही. यंत्रे इतकी वाढली की खप वाढला. गंमत अशी की, २०२५ च्या जानेवारीत स्वस्त चिनी भाषा-प्रतिमान आले तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी याच जेव्हन्सचे नाव आनंदाने घेतले : कृत्रिम बुद्धिमत्ता स्वस्त झाली की तिचा वापर प्रचंड वाढेल. भागधारकांना उद्देशून बोलताना जेव्हन्स खरा, हवामान परिषदेत बोलताना तो विस्मृत. गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट तर २०२४ च्या ऑक्टोबरात उघडपणे म्हणाले की, हवामानाची लक्ष्ये आपण नाहीतरी गाठणार नाही, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेला आवर घालण्यापेक्षा तीच हा प्रश्न सोडवील यावर डाव लावणे आपण पसंत करू. त्यांचा प्रांजळपणा आम्हांला मोलाचा वाटतो. डाव हा शब्द त्यांनी योग्य वापरला; फक्त पणाला लावलेली वस्तू त्यांची नाही.

६

प्रतिपक्षाचे म्हणणे डावलणे हा वादाचा धर्म नव्हे. त्याचे तीन मुद्दे वजनदार आहेत.

पहिला : डेटा सेंटरांचा वाटा आज लहान आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ साली त्यांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. पोलाद आणि सिमेंट यांच्यापुढे हे थोडेच. मान्य. पण तीच संस्था सांगते की, २०३० पर्यंत हा वापर सुमारे ९४५ अब्ज युनिटांवर जाईल; आणि हा भार जगभर सारखा पसरत नाही, गोळा होतो. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी घेतली.

दुसरा : या उद्योगाने कार्यक्षमता खरोखर वाढवली. २०१० ते २०१८ या काळात डेटा सेंटरांतील संगणनाचे काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढले, तरी वीज केवळ ६ टक्क्यांनी वाढली, असे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. हेही मान्य, आणि ते अभियंत्यांचे मोठे यश आहे. परंतु तो काळ संपला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेनंतर वीजवापर वर्षाला सुमारे १२ टक्क्यांनी वाढत आहे. जुन्या पुण्याईवर नवा संसार किती दिवस चालवायचा?

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर : सौरवीज, पवनवीज, विजेऱ्या स्वस्त झाल्या हा तंत्रज्ञानाचाच विजय नव्हे काय? होय, आहे. पण तो कोणाच्या 'करील'मुळे झाला ते पाहिले पाहिजे. जर्मनीने २००० साली कायदा करून सौरविजेला ठरावीक दर देण्याची सक्ती केली. चीनने राज्याच्या बळावर कारखाने उभारले. मागणी आणि उत्पादन दोन्ही कायद्याने आणि सरकारी पैशाने वाढली तेव्हा किंमत कोसळली. ओझोनची कथा तर आणखी बोलकी. १९८७ च्या माँट्रियल मसुद्याने ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवर तारखा आणि प्रमाणे ठरवून बंधने घातली. न जुमानणाऱ्यांशी त्या रसायनांचा व्यापार बंद करण्याची तरतूद केली. १९९० साली गरीब देशांना पर्याय परवडावेत म्हणून निधीही उभारला. ड्यूपाँटसारखी बलाढ्य कंपनी आधी विरोधात होती. करारानंतर वर्षभरातच तिने ती रसायने बंद करण्याचे जाहीर केले, आणि पर्यायी रसायने बाजारात आली. तेथे तंत्रज्ञान नेहमीप्रमाणे हुशार होते, पण ते आज्ञार्थाच्या मागोमाग आले. 'करार हरले, तंत्रज्ञान जिंकील' हे वाक्य म्हणून इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. करार जेथे आज्ञा देऊ शकले तेथेच तंत्रज्ञान जिंकले आहे.

७

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि देशातील डेटा सेंटरांची सर्वाधिक क्षमता मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात आहे. ऐरोली, रबाळे, महापे ही नावे एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी घेतली जात. आता तेथे मेघ उभे राहत आहेत. राज्याच्या विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशाचा आहे, आणि तो कोळसा जळतो चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी येथे. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी लावली तीत चंद्रपूर देशात अगदी वरच्या जागांवर होते. प्रमाणपत्र कोणत्याही राज्याचे असो, राख चंद्रपूरच्याच अंगणात पडते. स्थानाधारित हिशेबाचा आग्रह आम्ही धरतो तो एवढ्यासाठी : 'स्थान' या शब्दाला तेथे माणसे राहतात.

आणि आपल्या कपाशीच्या शेतापर्यंतही ही वही पोचली आहे. २०२६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने वराह या भारतीय कंपनीकडून तीन वर्षांत १ लाख टनांहून अधिक कार्बन काढून घेतल्याची पत्रे विकत घेण्याचा करार जाहीर केला. महाराष्ट्रातील कपाशीच्या पऱ्हाट्या शेतात जाळण्याऐवजी त्यांचा कोळसा करून तो मातीत मिसळायचा, अशी ही योजना. योजना वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. मातीचा कस सुधारला आणि शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले तर आनंदच आहे. परंतु मायक्रोसॉफ्टचे एका वर्षाचे एकूण उत्सर्जन १ कोटी टनांहून बरेच अधिक आहे. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांची तीन वर्षांची पऱ्हाटी त्या एका वर्षाचा शंभरावा भागही भरून काढत नाही. पऱ्हाटीने जे वजा होईल ते खरेच वजा व्हावे. पण सिअॅटलजवळच्या एका कंपनीच्या वाढत्या भुकेला विदर्भ-मराठवाड्याच्या पऱ्हाटीचा दाखला जोडून 'शून्य' लिहिले जाऊ नये.

८

मग करायचे काय? आमच्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही वाक्यरचनेच्याच आहेत. पहिली, कर्ता लिहा. 'उत्सर्जन कमी केले जाईल' या कर्मणी प्रयोगावर समाधान मानू नये. कोणती कंपनी, कोणत्या वर्षी, किती टन, हे वाक्यातच यावे. दुसरी, दोन्ही रकाने लिहा. स्थानाधारित आकडा आणि बाजाराधारित आकडा शेजारी शेजारी यावा; करू दिलेल्या बचतीसमोर करू दिलेले उत्सर्जन यावे. तिसरी, क्रियापद बदला. युरोपीय संघाने २०२३ च्या ऊर्जा-कार्यक्षमता निर्देशाने ५०० किलोवॉट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरांना वीजवापराची माहिती देणे सक्तीचे केले आहे. ही केवळ माहितीची सक्ती आहे, कपातीची नाही. तरीही 'करावे'कडून 'करील'कडे परतण्याचे ते पहिले पाऊल आहे. डेटा सेंटरांना जमीन आणि वीज यांत सवलती देणाऱ्या आपल्या राज्याला एवढे मागणे जड जाऊ नये.

साहित्याच्या अध्यापकांकडे आणखी एक काम उरते. पर्यावरणाचा अभ्यासक्रम पदवीच्या वर्गांना सक्तीचा झाल्यापासून तो तास बहुधा ज्याचा कार्यभार कमी त्याच्या वाट्याला येतो, आणि तो अनेकदा आम्हां भाषेच्या लोकांच्याच वाट्याला आला आहे. आपण तो निबंधवाचनात घालवतो : झाडे लावा, पृथ्वी वाचवा, तंत्रज्ञानाचा सुयोग्य वापर करा. त्याऐवजी पॅरिस कराराचे चौथे कलम आणि एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल वर्गात ठेवावा, आणि विद्यार्थ्यांना सांगावे की, यातील प्रत्येक क्रियापदाचा अर्थ ओळखा, प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधा, जेथे तो सापडत नाही तेथे तो कोणी आणि का काढला ते लिहा. या प्रश्नाला गुण किती द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. पण ज्या पिढीला या मजकुराचे परिणाम भोगायचे आहेत, तिला तो मजकूर वाचता आला पाहिजे. आणि वाचायला शिकवणे हे काम आमच्याखेरीज दुसऱ्या कोणाचे नाही.